हेड कोचचा अर्ज आणि वाटीभर हळद

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

नॅशनल टीमचा कोच गेला. आमचा टीव्हीही गेला.

परवा भारत ०–४. समोरचा देश आपल्या गंगेपलीकडच्या चंदौली जिल्ह्याएवढा. चौथ्या गोलला माझ्या हातातला तांब्या सुटला. फेकला नाही, सुटला. टीव्ही नेमका समोर होता. आनंदी म्हणाली की सुटलेली वस्तू खाली पडते, आठ फूट समोर जात नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हिला फिजिक्स येतं हे मला ठाऊक नव्हतं.

आज घाटावर चहाच्या अडीवर, म्हणजे टपरीवरच्या आमच्या अड्ड्यावर, बातमी कळली. कोचला काढलं. फुटबॉल महासंघाला नवा हेड कोच हवाय. अर्ज २८ फेब्रुवारीपर्यंत, कोणीही करू शकतो. ‘कोणीही’ हा शब्द वाचला आणि अंगावर काटा आला.

मी अर्ज करणार. इंटर कॉलेजात एकतीस वर्षं पी.टी. टीचर होतो. कॉलेजच्या संघाने माझ्या हाताखाली चार मॅच जिंकल्या. त्यातली एक समोरचे आलेच नाहीत म्हणून. पण ते का आले नाहीत? आमच्या दहशतीने.

संकल्प: आजपासून राग बंद. हेड कोच शांत असतो.

संध्याकाळी ५

अर्जाचं ऐकून अडीवरचे पांडेजी हसले. चहाचा कुल्हड त्यांच्या कपाळावर फुटला. मी फक्त धरला होता. कपाळ त्यांनी आणलं.

संकल्प उद्यापासून.

३ फेब्रुवारी

फॉर्म आनंदीच्या फोनवर. चौदा प्रश्न. ती वाचते, मी सांगतो.

प्रश्न ४: लायसन्स. माझ्याकडे १९९१च्या दहा दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट आहे. आनंदी म्हणाली की त्यावर ‘भोजन समिति’ लिहिलंय. मी म्हटलं, न्यूट्रिशन लिही.

प्रश्न ६: तुमचं कोचिंगचं तत्त्वज्ञान. सांगितलं, संयम. आनंदीने फुटक्या टीव्हीकडे पाहिलं आणि टाइप केलं.

प्रश्न ९: तुमच्या हाताखाली तयार होऊन राज्याच्या कॅम्पपर्यंत पोचलेला खेळाडू. त्याच्या हस्ताक्षरातलं शिफारसपत्र जोडा.

आनंदी पुढे वाचेना. एकतीस वर्षांत असा कोणी झाला नाही. त्याच्या आधी एकच झाला होता. सुमंत. माझा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो. चाळीस वर्षं आमचं बोलणं नाही. वडिलांच्या श्राद्धाला एका पंगतीत बसतो, पण भात हवा का हेसुद्धा बायका एकमेकींना विचारतात.

पेन मोडलं. जुनं होतं.

४ फेब्रुवारी, दुपारी

झोप लागत नाही म्हणून एकदा स्पष्ट लिहून ठेवतो.

साल १९८६. गंगेपलीकडच्या रेतीवर आमची प्रॅक्टिस. मी एकवीस वर्षांचा. कॅप्टन मी, कोच मी, सगळं मी. सुमंत अठराचा, लेफ्ट विंगर. त्याचा डावा पाय मी घडवला. उजव्या पायाला वीट बांधायचो, म्हणजे डाव्याशिवाय इलाजच नाही. रडायचा. पण घडला. राज्याच्या कॅम्पच्या यादीत त्याचं नाव आलं.

कॅम्पला आठवडा उरला होता. प्रॅक्टिसमध्ये मी बॉलवर गेलो. मध्ये त्याचा गुडघा आला. त्याचं हाड मुळात कच्चं, लहानपणी दूध प्यायचा नाही. खेळात होतं असं. विषय संपला.

घरच्यांनी तो संपू दिला नाही, हळदीवरून. आमच्या घराण्यात मुक्की. कार्तिकात दुर्गा घाटावर नुसत्या मुठींनी लढायचं. आजोबा लढले, वडील लढले. घरचा नियम असा की ज्याने मारलं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः हळद उगाळायची, ज्याला लागलं त्याच्या घरी जायचं आणि आपल्या हाताने लावायची. मग वैर मिटलं.

मी गेलो नाही. कारण ती मुक्की नव्हती, फुटबॉल होता. नियम लागूच होत नाही. एवढं साधं या लोकांना कळत नाही.

६ फेब्रुवारी

प्रश्न ११: तुमच्या सध्याच्या संघाच्या मॅचचा पूर्ण नव्वद मिनिटांचा व्हिडिओ.

सध्याचा संघ नव्हता. दुपारपर्यंत केला. बालाजी घाट इलेव्हन. नऊ जण जमले. गोलकीपर प्रल्हाद, रेल्वेत टीटीई, रुंद आहे म्हणून. सेंटर फॉरवर्ड यज्ञेश, पुरोहित, कासोटा मारून खेळतो. बाकी बँकवाले आणि एक होमिओपॅथ. सरासरी वय सेहेचाळीस. अनुभवाला तोड नाही.

मॅच १९ तारखेला, रेतीवर, नावाड्यांच्या संघाशी. त्यांचा कॅप्टन विष्णु. त्याने विचारलं की गुरू, बॉल आपण आणणार की आम्ही? मी म्हटलं, बॉल दुय्यम आहे.

८ फेब्रुवारी

पहिली प्रॅक्टिस. विष्णुच्याच नावेतून पलीकडे गेलो.

भारतीय फुटबॉलचा रोग मला सापडला. आपले खेळाडू मार खायला घाबरतात. म्हणून पहिला तास मुक्की, बॉल नंतर. जोड्या लावल्या. सुरुवातीला लोक लाजत होते. यज्ञेश म्हणाला की उद्या यजमानांकडे रुद्र आहे, काळा डोळा घेऊन कसा जाऊ? त्याला उदाहरण म्हणून मी स्वतः एक दिली. त्यानंतर तो मनापासून खेळला. प्रल्हादचा पुढचा दात त्यानेच पाडला. दात आधीपासून हलत होता, असं माझं मत. प्रल्हादचं मत वेगळं, पण ते नीट ऐकू येत नाही. गाडीत ‘साहब’ म्हणताना आता शिट्टी वाजेल. एकूण सहा जणांचं रक्त निघालं. बॉल पिशवीतून निघाला नाही.

परतताना सगळे नावेत एकमेकांना हळद लावत होते. डबा आनंदीचा. संध्याकाळी तिने विचारलं की पाव किलो हळद एका दिवसात कशी संपते. मी म्हटलं, संघभावना.

१० फेब्रुवारी

पत्रासाठी सुमंतकडे गेलो. संकल्प केला होता: गोड बोलायचं, जुनं काढायचं नाही, दोन मिनिटांत बाहेर.

कडी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा पायाने वाजवली. दार निखळून आत पडलं. लाकूड जुनं, बिजागऱ्या गंजलेल्या. घरमालकाने लक्ष द्यायला नको?

आत त्याची बायको प्रेमला तांदूळ निवडत बसली होती. घाबरली नाही. एवढंच विचारलं की भावजी, हळद आणलीत का? मी म्हटलं की मी फॉर्मच्या कामाने आलोय. ती म्हणाली, मग दार लावून जा. दार हातात घेऊन कसं लावणार? भिंतीला टेकवून आलो.

१३ फेब्रुवारी

युक्ती सुचली. सुमंतला लिहायचा त्रास नको म्हणून शिफारसपत्र मीच लिहिलं. माझ्याबद्दल दोन पानं, त्याच्याबद्दल एक ओळ: ‘पुढे एका दुर्दैवी अपघातामुळे मला खेळ सोडावा लागला.’ सही तेवढी करायची होती. आनंदीबरोबर पाठवलं.

परत आलं. सही नाही. ‘अपघातामुळे’ या शब्दाभोवती लाल गोल. बाजूला लिहिलंय: कोणत्या? तो लायब्ररीत होता तीस वर्षं, लाल पेन्सिलीची खोड जात नाही.

आता सांगायचं तर त्या दिवशी रेती ओली होती. ओल्या रेतीवर माणूस थांबत नाही, घसरतो. कोणालाही विचारा. मी घसरलो.

आनंदीला हे सांगितलं. ती म्हणाली की पस्तीस वर्षं ऐकतेय हाड कच्चं होतं, रेती आज ओली झाली.

भिंतीवर ठोसा मारला. भिंत दगडी आहे. दोन बोटं सुजली.

१६ फेब्रुवारी

प्रॅक्टिस. प्रगती उत्तम. होमिओपॅथने प्रल्हादला एका ठोशात आडवं केलं आणि वर दोन गोळ्या दिल्या. यज्ञेशला यजमानांनी विचारलं की गुरुजी, घरी सब ठीक है ना? आता त्याला दोन्ही डोळे काळे हवेत, म्हणजे काजळ वाटेल.

एक बँकवाला म्हणाला की एकदा बॉलनेही खेळून बघू. त्याला संघातून काढलं. शिस्त.

आता आठ जण.

१९ फेब्रुवारी, दुपारी १

दोन तासांत मॅच. व्हिडिओ आनंदी घेणार, फोन पूर्ण चार्ज. मी आज आतून शांत आहे. नॅशनल टीमच्या कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी खेळाडूंना काय सांगायचं ते ठरवलंय. आधी अर्धा तास मौन, मग जोड्या.

सुमंतचं पत्र नाही आलं तरी चालेल. व्हिडिओ बघितला की समिती पत्राबित्राचं विचारणार नाही.

२० फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितोय. थोडक्यात.

चौथ्या मिनिटाला नावाड्यांचा गोल. नवव्याला दुसरा. यज्ञेशला शिकवण आठवली, त्याने त्यांच्या बॅकच्या कानाखाली दिली आणि देऊन नमस्कार केला. नावाडी आधी उलटून मारत नव्हते. बॉल खेळत होते, एकसारखा. चौदाव्या मिनिटाला ०–४. नॅशनल टीमला तिथे पोचायला नव्वद मिनिटं लागली होती.

मग प्रल्हाद गोल सोडून निघाला आणि त्यांच्या फॉरवर्डचा गळा धरला. मागे बॉल आपला आपण गोलमध्ये गेला. फॉरवर्डने प्रल्हादच्या पोटात गुडघा घातला. होमिओपॅथ पाठीवर चढला. नावेतून वल्हं आलं. पाच मिनिटांत आमचे चार जण रेतीवर, त्यांचे दोन. कोणाचं तरी नाक कोणाच्या तरी धोतरावर वाहत होतं. टॅक्टिकली मला हेच हवं होतं, फक्त उलट आकड्यांनी.

एकतिसावं मिनिट. ०–६. त्यांचा लेफ्ट विंगर बॉल घेऊन निघाला. बारीक, चपळ, सगळं डाव्या पायाने. मला ते बघवेना. मी स्वतःला सब्स्टिट्यूट म्हणून घेतलं. एकसष्ट वय, पण स्पीड आहे. मागून पोचलो. इथे नमूद करतो की मी बॉलवर चाललो होतो.

कॉलरबोनवर काठी बसली.

सुमंत. तो पहिल्यापासून उलट्या नावेवर बसून मॅच बघत होता, मला कोणी सांगितलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रेतीवर आला. दुसरी काठी पाठीवर. तिसरीनंतर मोजलं नाही. आनंदी म्हणते, पाच. तिला माहीत असणारच, तिने शूट केलंय. मी तिला विचारलं की नवरा मार खात असताना फोन खाली ठेवावासा वाटला नाही? म्हणाली, समितीला पूर्ण व्हिडिओ हवा होता ना?

विंगर पडला नाही. उडी मारून पुढे गेला.

विष्णु आम्हाला नावेत घेईना. आठ खेळाडू, सहा रक्तबंबाळ, एक कोच. ऊन उतरत आलेलं आणि समोर आमचाच घाट. सुमंत विष्णुशी काहीतरी बोलला, तेव्हा घेतलं. नावेत तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

२१ फेब्रुवारी, सकाळी ७

सुमंत आला. हातात वाटी.

काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढली, गरम हळद खांद्यावर थापली. नेमकं जिथे दुखतं तिथे दाबत होता. मुद्दाम की माहितीने, कळलं नाही. पुसून निघून गेला.

मुक्कीच्या नियमात काठी बसत नाही. त्याला यायची गरज नव्हती. हे मी त्याला सांगणार होतो. पण त्या वेळी ओरडत होतो.

२४ फेब्रुवारी

रोज सातला येतो. जिना चढायला त्याला वेळ लागतो. काठीचा आवाज, मग पाऊल, मग थांबणं. मी आतून मोजतो. एकोणीस पायऱ्या.

आज मी बोललो. चाळीस वर्षांतलं पहिलं वाक्य. म्हटलं, पत्राचं बघ.

तो म्हणाला, देतो दादा.

दादा म्हणाला! संपलं सगळं. वैरही संपलं आणि प्रश्न ९ही सुटला. भाऊ तो भाऊ.

२७ फेब्रुवारी

पत्र आलं. अर्धं पान. आनंदीने फोटो काढून अर्जाला जोडला. मी न वाचताच म्हटलं, पाठव. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, खोटं काही नाही. अजून काय हवं?

व्हिडिओ एकतीस मिनिटांचा. नाव दिलं ‘हायलाइट्स’.

पुढची तयारी: दिल्लीला थंडी, दोन स्वेटर. प्रल्हादला गोलकीपिंग कोच नेमायचं. पत्रकार परिषदेत हिंदीत बोलायचं, राग आला तर मराठीत, म्हणजे कळणार नाही. टीव्ही नेमणुकीनंतर. आपली मॅच फुटक्या टीव्हीवर बघायची का?

८ मार्च

अजून कळवलं नाही. निवड अवघड नाही, म्हणून वेळ लागतोय. काहीच न करता माणूस किती दमतो.

सुमंत ३ तारखेपासून येत नाही. सूज उतरली, त्याचं काम संपलं. तरी सातला जाग येते. पायऱ्यांवर आवाज झाला की बघतो. दूधवाला असतो.

१२ मार्च

दुसऱ्याला नेमलं.

अडीवर पांडेजींनी पेपर मोठ्याने वाचला. त्यांच्या कपाळावर अजून खूण आहे. नव्या कोचकडे लायसन्स आहे, अनुभव आहे, म्हणे त्याचे संघ बॉलने खेळतात. मी कुल्हड उचलला. हात कानापर्यंत गेला, पुढे जाईना. चहा माझ्याच मांडीवर. पांडेजींनी आपला गमछा दिला. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी मेल आलेली होती. दोन ओळी. लायसन्स नसल्याने अर्ज अपात्र. व्हिडिओबद्दल एक अक्षर नाही.

मग आनंदीला सुमंतचं पत्र वाचायला लावलं. इथे उतरवतो.

‘माझा डावा पाय दादाने घडवला. राज्याच्या यादीत माझं नाव त्याच्यामुळे लागलं. त्याच्याएवढं फुटबॉलवर प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही. त्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. समितीने मुलाखतीला बोलावलं तर त्याला एकच विचारावं की त्या वेळी बॉल कुठे होता.’

मी म्हटलं, हे पत्र माझ्याविरुद्ध आहे. आनंदी म्हणाली की पहिली तीन वाक्यं वाचा, तशी तुमच्याबद्दल तुम्हीसुद्धा लिहिली नव्हती. मी म्हटलं, चौथं आणि पाचवं? ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं.

तांब्या शेजारीच होता. उचलला नाही. खांदा दुखतो.

१३ मार्च

चाळीस वर्षांपूर्वी बॉल कुठे होता हे कोणाच्या लक्षात राहतं?

उत्तर १: पायापाशी. खोडलं.

उत्तर २: सूर्य डोळ्यांवर होता, दिसला नाही. खोडलं. प्रॅक्टिस सकाळची, आमची तोंडं घाटाकडे, सूर्य पाठीला.

उत्तर ३: समितीने मुलाखतीला बोलावलंच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

हे बरोबर आहे. यात चूक काही नाही.

१४ मार्च

आनंदीने बाजारातून हळकुंडं आणली. अख्खी. दळलेली घरात असताना. विचारलं तर म्हणाली, उगाळायला. आणि सहाण माझ्यासमोर ठेवून मंदिरात गेली.

१५ मार्च, सकाळी ९

उजवा हात वर जात नाही, डाव्याने उगाळली. जाडीभरडी झाली. वाटी घेऊन गेलो.

सुमंतचं दार अजून सुतळीने बांधलेलं. प्रेमलाने सोडलं. मला नाही, वाटीला बघून बाजूला झाली.

तो पेपर वाचत होता. पाय स्टुलावर ठेवला आणि पायजमा वर केला. गुडघ्यावर उभी लांब शिवण. म्हणाला की सहा वर्षांपूर्वी गुडघा बदलला, आत धातू आहे, धातूला हळद लागत नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

माहीत नव्हतं. दोन गल्ल्या सोडून राहतो. मला कोणी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. मी विचारलं नाही.

खाली बसलो आणि लावायला लागलो. त्याने पेपर खाली न घेताच विचारलं की दादा, बॉल कुठे होता?

सांगितलं.

बॉल पाण्यात गेला होता. गंगेत. खेळ थांबला होता, पोरं बॉल आणायला धावली होती. सुमंत कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून बघत उभा होता. मी दहा पावलं पळत आलो. रेती कोरडी होती. यादीत माझं नाव नव्हतं.

तो म्हणाला, मला माहीत होतं, मी बॉलकडेच बघत होतो.

प्रेमलाने चहा आणला. दोन कप. मला रडू येत होतं आणि हात हळदीचे, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. सुमंत गुडघ्याकडे बघून म्हणाला की फार भरड आहे, टोचतेय. उद्या नीट उगाळ.

डाव्या हाताने कशी नीट उगाळायची?

उद्या लवकर उठायला हवं.